सीएनसी प्रोग्रामची टूलनुसार घडी: फोल्डिंग एक्स्टेंशन लिहिताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कुपवाड एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या एका शॉपमध्ये तुम्ही प्रोग्रामिंग बघता. कॅम सॉफ्टवेअरमधून निघालेले व्हीएमसीचे (उभ्या मिलिंग मशीनचे) प्रोग्राम आठ-दहा हजार ओळींचे असतात, आणि मशीनवर जॉब लावणाऱ्या सेटरने "ड्रिलचा फीड जरा कमी करा" म्हटलं की तेवढा भाग शोधण्यातच वेळ जातो. म्हणून एकेका टूलच्या ओळी मिटवून ठेवता याव्यात (फोल्डिंग, म्हणजे घडी), यासाठी व्हीएस कोड या एडिटरचं एक्स्टेंशन स्वतःच लिहायला घेतलंत. मार्जिनमध्ये बाण दिसतो, घडीही पडते, पण तीन अडचणी आहेत. टूलचा भाग भलत्याच ओळीवर तुटतो. व्हाइल लूपची घडी कधी दिसते, कधी गायब होते. आणि आधी कॉमेंटमध्ये रीजनच्या खुणा घालून ज्या घड्या मिळत होत्या, त्या एक्स्टेंशन सुरू केल्यापासून नाहीशाच झाल्या. शेवटी विचारलं आहे की आता ट्री-सिटर (कोडची रचना ओळखणारं पार्सर बनवायचं साधन) शिकायला घ्यावं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नको. लँग्वेज सर्व्हरही (एडिटरला भाषेची माहिती पुरवणारा वेगळा प्रोग्राम) नको. दोन्ही उत्तम साधनं आहेत, पण तुमचं घोडं तिथे अडलेलं नाही. सी किंवा जावामध्ये महिरपी कंस उघडतो आणि मिटतो, पायथनमध्ये इंडेंटेशन आत जातं आणि बाहेर येतं. ब्लॉक कुठे संपला हे भाषाच सांगते. जी-कोडमध्ये, म्हणजे सीएनसी प्रोग्रामच्या भाषेत, एका टूलचं काम संपलं असं सांगणारी ओळच नसते. पुढचं टूल आलं म्हणजे आधीचं संपलं, एवढाच काय तो पुरावा. त्यामुळे कितीही भारी पार्सर आणलात तरी "टूलचा भाग म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत" हा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागणार. तो एकदा स्वच्छ झाला की बाकीचा कोड दोनशे ओळींच्या आत बसतो.

मी सांगलीत बसून मिरज-कुपवाड आणि साताऱ्याकडच्या छोट्या शॉप्ससाठी अशीच किरकोळ साधनं लिहून देतो. पुढे जे सांगतोय ते फॅनक पद्धतीच्या कंट्रोलला (मशीन चालवणाऱ्या संगणकाला) धरून आहे, कारण आपल्याकडे तेच जास्त दिसतात. सीमेन्स किंवा हायडेनहाइन असेल तर काय बदलतं तेही सांगतो.

आधी तिसरी अडचण घेऊ, ती पाच मिनिटांत सुटते. व्हीएस कोडमध्ये भाषेसाठी कोणीच फोल्डिंग प्रोव्हायडर (घड्या कुठे पाडायच्या ते एडिटरला सांगणारा कोड) नोंदवलेला नसेल तर एडिटर इंडेंटेशनवरून घड्या काढतो, आणि लँग्वेज कॉन्फिगरेशनमध्ये तुम्ही दिलेल्या रीजनच्या खुणाही तेव्हाच बघतो. तुम्ही स्वतःचा प्रोव्हायडर नोंदवून त्यातून रेंजची यादी परत दिलीत की ही इंडेंटेशनची यंत्रणा त्या फाइलपुरती बाजूला होते. तुमच्या यादीत जे आहे तेवढंच दिसतं. म्हणजे तुमच्या खुणा कोणी बिघडवलेल्या नाहीत, त्या वाचणारा माणूस रजेवर गेला आहे. यादीऐवजी नल परत दिलंत तर "मी यात नाही" असा अर्थ होतो आणि जुनी पद्धत चालू राहते, पण ते सगळ्या फाइलला लागू होतं. अर्धं तुमचं, अर्धं त्याचं असं जमत नाही. तेव्हा रीजनच्या खुणा तुमच्याच फंक्शनमध्ये ओळखा आणि त्या रेंजला रीजन हा प्रकार द्या. मग "कंट्रोल-के, कंट्रोल-८" दाबलं की फक्त रीजन मिटतात, तेही चालू राहील.

इथे थांबून एक विचार करा. कॅमचा पोस्ट प्रोसेसर (कॅमचं काम मशीनच्या कोडमध्ये लिहून देणारा भाग) तुमच्या हातात असेल, तर प्रत्येक ऑपरेशनच्या आधी आणि नंतर एक ठरावीक कॉमेंट टाकायला सांगा. मग एक्स्टेंशनमध्ये कोडची एक ओळही लागत नाही. लँग्वेज कॉन्फिगरेशनमध्ये सुरुवातीची आणि शेवटाची अशा दोन रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर ओळखायचे नमुने) लिहिल्या की झालं. नवीन प्रोग्रामसाठी मी हाच मार्ग सुचवतो. अडचण दोनच. एक म्हणजे कपाटातले जुने प्रोग्राम, त्यांत खुणा कुठून आणणार? दुसरी म्हणजे जुन्या कंट्रोलची मेमरी. त्यांच्या मॅन्युअलमध्ये मेमरी अजून कागदी टेपच्या मीटरमध्ये लिहिलेली असते; ८० मीटर म्हणजे साधारण ३२ केबी. तिथे प्रत्येक कॉमेंटला जागा मोजावी लागते, आणि घडीसाठी घातलेल्या ओळी मशीनवर जाताना काढाव्या लागतात. डीएनसीने, म्हणजे पीसीवरून थेट, ओळ-ओळ सोडत असाल तर हा प्रश्न येत नाही.

आता पहिली अडचण, कारण खरा मुद्दा तिथे आहे. तुम्ही "ओळीत टी आणि पुढे आकडा दिसला की नवा भाग" असा नियम लावला असणार. व्हीएमसीवर हा नियम फसतो. आर्म टाइप एटीसी (आपोआप टूल बदलणारी यंत्रणा) असलेल्या मशीनवर टी०२ हा नुसता शब्द टूल बदलत नाही. मॅगझिन फिरवून पुढचं टूल तयार ठेवतो, एवढंच. बदल होतो तो एम०६ ला. म्हणून पोस्ट असं लिहितो: एका ओळीत टी०१ एम०६, आणि लगेच खालच्या ओळीत एकटं टी०२. पहिलं टूल अजून कापायलाही लागलेलं नसतं आणि तुमच्या एक्स्टेंशनच्या मते दुसऱ्याचा भाग सुरू झालेला असतो. घडी मिटवली की "टी०१ एम०६" ही ओळ एकटी उरते आणि पहिल्या टूलचं सगळं कटिंग "टी०२" च्या नावाखाली लपतं. सेटर त्या नावावर विश्वास ठेवून फीड बदलेल, तेव्हा हा दोष नुसता दिसण्यापुरता राहत नाही.

त्यामुळे व्हीएमसीसाठी सीमा एम०६ वर ठेवा, टी वर नको. टर्निंग सेंटरवर (सीएनसी लेथवर) मात्र नेमकं उलटं. तिथे एम०६ नसतोच. टी०१०१ म्हटलं की टूल धरणारा टरेट फिरतो आणि ऑफसेटही लागतो, म्हणून सीमा टी वर. पण तिथेही एक मेख आहे: भाग संपताना टी०१०० लिहून ऑफसेट रद्द करतात. शेवटचे दोन अंक शून्य असतील तर तो नवा भाग धरू नका, नाहीतर प्रत्येक टूलच्या शेवटी दोन-तीन ओळींची पिल्लं तयार होतील. फाइल मिलची की लेथची हे ओळखायला मी एक साधा नियम ठेवतो: कॉमेंट वगळून पूर्ण फाइलमध्ये एकदाही एम०६ दिसला तर मिल, नाहीतर लेथ. टर्न-मिल मशीन असेल तर हा अंदाज चुकू शकतो, म्हणून सेटिंगमध्ये हाताने निवडायची सोय हवीच. काही शॉपमध्ये टूल बदल जी६५ ने मॅक्रो बोलावून करतात. त्यांच्यासाठी सीमेची रेग्युलर एक्स्प्रेशन वापरणाऱ्याला स्वतः लिहिता आली पाहिजे. तुमच्याकडे काय आहे ते प्रोग्राम बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

नियम ठरला तरी तो ओळीवर लावताना अंगावर येणाऱ्या गोष्टी आहेत. फॅनकला शब्दांमध्ये मोकळी जागा लागत नाही. एन१०टी०१एम०६ ही सलग लिहिलेली ओळ त्याला पूर्ण मान्य आहे. आपण सवयीने रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये टी च्या आधी शब्दसीमेची खूण टाकतो, आणि इथे ती लागूच होत नाही, कारण आकडा आणि अक्षर दोन्ही "शब्दातलेच" धरले जातात. मधे सीमा नसते. तेव्हा शब्दसीमा काढा आणि आधी अक्षर नसावं, एवढीच अट ठेवा. एम०६ कोणी एम६ लिहितं, आणि एम६० हा पॅलेट बदलाचा कोड वेगळाच. म्हणजे एम, मग कितीही शून्यं, मग सहा, आणि त्यापुढे आकडा नको. टी च्या पुढे आकड्याऐवजी # आणि व्हेरिएबल असू शकतं. ओळीच्या सुरुवातीला / असेल तर तो ब्लॉक स्किप, तो बाजूला करून उरलेलं बघा.

सगळ्यात आधी मात्र कॉमेंट काढा. बहुतेक पोस्ट प्रोग्रामच्या डोक्यावर टूल लिस्ट छापतात, कंसात टी१, टी२, टी३ असं ओळीने. शिवाय ५ च्या ड्रिलनंतर टॅपचं टूल येतं तेव्हा कॉमेंटमध्ये एम६ लिहिलेलं असतं, आणि एखाद्या सेटरने "टी०४ तुटला, टी०७ वापरा" अशी सूचनाही कंसात टाकलेली असते. कॉमेंट न काढता शोधलंत तर हे सगळं सीमा म्हणून मोजलं जाईल. कंस उघडून मिटवायचा राहिला असेल तर ओळीच्या शेवटपर्यंत कॉमेंट धरा. टाइप करता करता ती अवस्था सारखी येते. फॅनक मॅक्रोमध्ये गणितासाठी चौकोनी कंस असतात, त्यामुळे गोल कंस बिनधास्त काढता येतात. सीमेन्सवर हाच नियम घात करेल. तिथे गोल कंस सायकलच्या आणि अटींच्या आर्ग्युमेंटसाठी असतात आणि कॉमेंट अर्धविरामाने सुरू होते. हायडेनहाइनच्या क्लारटेक्स्टमध्ये तर "टूल कॉल" असे सरळ शब्दच असतात, ते सोपं जातं. प्रत्येक बोलीसाठी कॉमेंट कशी काढायची आणि सीमा कशी ओळखायची, एवढ्या दोन गोष्टींचा छोटा तक्ता ठेवा. पण सुरुवातीला एकच बोली नीट करा. पहिल्याच आवृत्तीत सगळे कंट्रोल घ्यायला गेलं की एकही धड होत नाही.

रेग्युलर एक्स्प्रेशनवरून आठवलं: तुमच्या घड्या "एक सोडून एक" टूलवर पडत असतील, तर ग्लोबल फ्लॅग तपासा. जावास्क्रिप्टमध्ये ग्लोबल फ्लॅग असलेली एक्स्प्रेशन टेस्टसाठी वापरली की ती मागच्या वेळी कुठे थांबली ते लक्षात ठेवते आणि पुढच्या ओळीवर तिथून पुढे शोधते. कोड तंतोतंत बरोबर दिसतो आणि उत्तर चुकीचं येतं.

भाग सुरू कुठे करायचा हाही प्रश्न आहेच. घडी मिटल्यावर व्हीएस कोड पहिली ओळ जशी आहे तशी दाखवतो आणि पुढे तीन टिंबं. तिथे स्वतःचं नाव घालायची सोय फोल्डिंगच्या एपीआयमध्ये नाही. म्हणून जी ओळ वाचून सेटरला कळेल, ती पहिली ओळ व्हायला हवी. एम०६ च्या लगेच वर "६३ फेस मिल" अशी कॉमेंट असेल तर भाग त्या कॉमेंटपासून सुरू करा. एम०६ पासून वर सरकत जा. जोवर फक्त कॉमेंट, रिकामी ओळ किंवा नुसता एन नंबर मिळतोय तोवर वर, आणि सगळ्यात वरच्या कॉमेंटवर थांबा. त्याच्याही वर जी२८ ने झेड घरी नेणारी ओळ, एम०५, एम०९ असतील. ते आधीच्या टूलचं आवरणं आहे, ते आधीच्याच भागात राहू दे.

शेवट त्याहून सोपा, पण एका ओळीने चुकतो. रेंजमधली शेवटची ओळ धरून लपते, आणि ओळी शून्यापासून मोजल्या जातात. म्हणजे पुढच्या भागाची पहिली ओळ वजा एक, आणि तिथून मागे येत रिकाम्या ओळी सोडून द्या, म्हणजे दोन घड्यांमध्ये श्वास घ्यायला जागा उरते. शेवटच्या टूलचा भाग फाइलच्या शेवटपर्यंत ताणू नका. एम३० किंवा एम०२ च्या आधी थांबवा. प्रोग्राम कुठे संपतो ती ओळ मिटलेल्या अवस्थेतही डोळ्यासमोर असावी असं माझं मत आहे. सबप्रोग्राम एकाच फाइलमध्ये असतील तर ओ नंबरपासून पुढच्या ओ नंबरपर्यंत किंवा शेवटच्या % पर्यंत बाहेरची घडी घाला. त्यासाठी एम९९ वर (सबप्रोग्राममधून परतण्याचा कोड) भरवसा ठेवू नका. तो ब्लॉक स्किपसह किंवा पी घेऊन मधेच कुठेही येऊ शकतो.

आता व्हाइल. फॅनक मॅक्रोमध्ये डू१ ते एंड१, डू२ ते एंड२ असे तीन पातळ्यांपर्यंतचे लूप असतात. हे खरे ब्लॉक. यांना सुरुवात आहे आणि शेवटही आहे. स्टॅक घ्या, डू दिसला की ओळ नंबर ठेवा, एंड दिसला की काढा, आकडा जुळतो का बघा. एंड अजून लिहायचा असेल तर तो डू सरळ टाकून द्या, घडी फाइलच्या शेवटापर्यंत नेऊ नका. नाहीतर टाइप करताना अख्खा प्रोग्राम उड्या मारतो.

मग तुमची लूपची घडी गायब का होते? कारण तुमच्याकडे बहुधा एका फिक्स्चरवर चार-सहा जॉब असतात आणि लूपच्या आतच टूल बदलतं. समजा ओळ ४० वर टी०१ चा भाग सुरू झाला, ओळ ५५ वर व्हाइल सुरू झाला, ओळ १२० वर आत टी०२ आला आणि ओळ ३०० वर एंड१. तुमच्या नियमाने टी०१ चा भाग ४० ते ११९, आणि लूप ५५ ते ३००. दोन्ही एकमेकांत अर्धवट घुसलेत. एक दुसऱ्याच्या पोटात पूर्ण बसत नाही. व्हीएस कोडला हे चालत नाही. अशा वेळी आधी सुरू होणारी रेंज राहते आणि नंतरची गुपचूप टाकून दिली जाते. एरर नाही, लॉग नाही. म्हणून लूप गेला. ज्या प्रोग्राममध्ये लूपच्या आत टूल बदलत नाही तिथे तो दिसत राहतो, म्हणून "कधी दिसतो कधी नाही".

माझ्या कोडमध्ये मी दोन जाती वेगळ्या ठेवतो. लूप, रीजन, ओ नंबर हे पक्के ब्लॉक. टूलचे भाग कच्चे. कच्च्याने पक्क्याची भिंत ओलांडायची नाही, हा एकच नियम. प्रत्यक्षात तो असा उतरतो. पहिल्या फेरीत सगळे पक्के ब्लॉक काढायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टूल-सीमा कोणत्या सगळ्यात आतल्या पक्क्या ब्लॉकमध्ये आहे ते बघायचं. तिचा भाग तीनपैकी जे आधी येईल तिथे संपतो: त्याच ब्लॉकमधली पुढची टूल-सीमा, तो ब्लॉक संपण्याची जागा, किंवा ज्याच्या पोटात टूल बदल आहे अशा आतल्या पक्क्या ब्लॉकची सुरुवात. वरच्या उदाहरणात टी०१ चा भाग ४० ते ५४ होतो, लूप ५५ ते २९९, आणि लूपच्या आत टी०२ चा १२० ते २९९. एंड१ ची ओळ बाहेर ठेवली आहे, ती दिसली की लूप कुठे मिटला ते कळतं. लूपमधल्या ५५ ते ११९ या ओळींना स्वतःची घडी नाही, आणि ते योग्यच आहे: पहिल्या फेरीला तिथे टी०१ असतो, दुसऱ्या फेरीला टी०२. खोटं नाव देण्यापेक्षा नाव न देणं बरं.

ज्या लूपमध्ये टूल बदल नाही, तो टूलच्या भागात पूर्ण मावतो. त्याला हात लावायचा नाही.

हे सगळं एकाच फंक्शनमध्ये लिहा: आत ओळींची यादी, बाहेर रेंजची यादी. त्यात व्हीएस कोडचं मॉड्यूल इम्पोर्टही करू नका. प्रोव्हायडर म्हणजे त्याच्यावरचं पातळ वेष्टन. डॉक्युमेंटमधून ओळी काढायच्या, फंक्शनला द्यायच्या, उत्तराचं फोल्डिंग रेंजमध्ये रूपांतर करायचं. फायदा असा की टेस्टसाठी एफ५ दाबून दुसरी विंडो उघडत बसावं लागत नाही, नोडवर थेट चालतं. आणि उद्या एखाद्याला हेच निओव्हिममध्ये हवं झालं, तर तेच फंक्शन लँग्वेज सर्व्हरमध्ये उचलून ठेवता येतं. टेस्टसाठी हाताने लिहिलेले गोंडस नमुने घेऊ नका. शॉपमधल्या प्रत्येक मशीनचे खरे प्रोग्राम घ्या, कॉमेंटमधून ग्राहकाचं आणि ड्रॉइंगचं नाव तेवढं काढा. टेस्टमध्ये फाइल स्वतः वाचून ओळी तोडत असाल तर विंडोजच्या ओळीअखेरचं कॅरेज रिटर्न मागे राहतं आणि "ओळीचा शेवट" शोधणाऱ्या एक्स्प्रेशन फसतात. एडिटरमध्ये चालतं, टेस्टमध्ये नाही, असं झालं तर आधी तिथे बघा.

वेगाची काळजी करू नका. दहा हजार ओळींवरून एकदा सरळ फिरायला लागणारा वेळ माणसाला जाणवत नाही, कॅशे वगैरे लगेच करायची गरज नाही. मर्यादा वेगळ्या आहेत. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५००० घड्या हा व्हीएस कोडचा डिफॉल्ट आहे. सेटिंगमधून वाढवता येतो. टूलनुसार घडी घालणाऱ्याला तो कधी आडवा येणार नाही, पण प्रत्येक झेड पातळीची घडी काढायचा मोह झाला तर येईल. दुसरी मर्यादा मोल्डवाल्यांना लागते: फाइल २० एमबीच्या किंवा ३ लाख ओळींच्या पुढे गेली की व्हीएस कोड तिला मोठी फाइल मानून फोल्डिंगच बंद करतो. सेटिंगमध्ये "लार्ज फाइल ऑप्टिमायझेशन्स" काढून टाकता येतं, मग जे काही मंद होईल ते आपलं. थ्रीडी फिनिशिंगचा प्रोग्राम एवढा सहज होतो. त्या फाइलसाठी घडी घालण्यापेक्षा पोस्टमधून टूलनुसार वेगळ्या फाइल काढणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

वापरताना दोन गोष्टी फुकट मिळतात. ओ नंबर पहिली पातळी आणि टूल दुसरी असल्यामुळे "कंट्रोल-के, कंट्रोल-२" दाबलं की पूर्ण प्रोग्राम टूलच्या यादीसारखा दिसतो. कर्सर ज्या भागात असेल तो मात्र मिटत नाही. तो बग नाही, ती कमांडच तशी आहे, आणि सेटर पहिल्या दिवशी हेच विचारणार आहे. दुसरं म्हणजे स्टिकी स्क्रोल. आउटलाइन उपलब्ध नसेल तर ते तुमच्या फोल्डिंग रेंजवरून चालतं. म्हणजे तीन हजार ओळींच्या एक्स-वाय-झेडमधून खाली जाताना चालू टूलची ओळ वर चिकटून राहते. खरं सांगायचं तर अनेकांना हवं असतं ते हेच. घडी हे निमित्त. जमलं तर डॉक्युमेंट सिम्बॉल प्रोव्हायडरही लिहा, सीमा तुम्ही शोधलेल्याच आहेत. मग "कंट्रोल-शिफ्ट-ओ" ने टूलवर थेट उडी मारता येते आणि आउटलाइनमध्ये नाव तुमच्या मनाचं देता येतं. फक्त तिथे टूल नंबर दाखवताना जपून. टी आणि एम०६ एकाच ओळीत असले तर आधी बदल की आधी मॅगझिन, हे मशीन बनवणाऱ्याने लॅडरमध्ये (मशीनच्या आतल्या लॉजिकमध्ये) काय लिहिलंय त्यावर अवलंबून असतं. मशीनचं मॅन्युअल बघा.

एक इशारा द्यायलाच हवा. मिटलेल्या ओळी फक्त दिसत नाहीत, असतात तिथेच. "सगळीकडे बदला" ही कमांड मिटलेल्या भागातही बदल करते. ड्रिलचा भाग उघडा आणि बाकी सगळं मिटलेलं बघून कोणी एफ१२० चं एफ९० केलं, तर टॅपच्या भागातला एफ१२० सुद्धा बदलतो, आणि टॅपिंगमध्ये फीड, पिच आणि आरपीएमचं गणित चुकलं की टॅप जॉबमध्येच तुटतो. आधी भाग सिलेक्ट करून मग "सिलेक्शनमध्ये शोधा" चालू करायची सवय लावा, आणि मशीनवर पाठवण्याआधी जुन्या फाइलशी तुलना करून बघा.

राहिलं वाटप. मशीनजवळच्या पीसीला इंटरनेट नसतं हे गृहीत धरतो. व्हीएससीई या साधनाने पॅकेज केलं की एक व्हीएसआयएक्स फाइल मिळते. पेन ड्राइव्हवरून नेऊन एक्स्टेंशनच्या मेनूमधून बसवायची, त्या पीसीवर नोड लागत नाही. रीडमीमध्ये साच्याचा मजकूर तसाच ठेवलात तर पॅकेज करायलाच नकार मिळतो, तेव्हा दोन ओळी लिहा. भाषेच्या नोंदीत एनसी, टॅप, सीएनसी ही एक्स्टेंशन्स द्या, आणि कंट्रोलमधून आलेल्या फाइलना एक्स्टेंशन नसतंच, नुसतं ओ आणि चार आकडे असं नाव असतं. त्यासाठी फाइलनेम पॅटर्न द्या. पहिली ओळ % असण्यावरून भाषा ओळखायला जाऊ नका, इतरही फाइल तशा सुरू होतात.

त्या पीसीवर विंडोज ७ असेल तर तिथे व्हीएस कोडची १.७० ही शेवटची आवृत्ती चालते. पॅकेज.जेसनमध्ये इंजिनची आवृत्ती त्याहून वरची लिहिली असेल तर एक्स्टेंशन बसणारच नाही. ती खाली आणा, आणि ॲक्टिव्हेशन इव्हेंटमध्ये "ऑन लँग्वेज" आणि पुढे तुमच्या भाषेचा आयडी हे हाताने लिहा. स्वतः नोंदवलेल्या भाषेसाठी ते आपोआप धरलं जाणं १.७४ पासून सुरू झालं. ऑफिसच्या नव्या लॅपटॉपवर त्याशिवाय चालेल, मशीनजवळच्या पीसीवर एक्स्टेंशन बसलेलं दिसेल आणि घडी एकही पडणार नाही.

एवढं करूनही कुठे अडलात तर तीन गोष्टी कळवा: कंट्रोल कोणता, एटीसी आर्म टाइप की अंब्रेला, आणि पहिल्या दोन टूलच्या सीमेभोवतीच्या वीसेक ओळी.